घोड्यावर बसलं म्हणून उंची कमी होत नाही

या वेळी आलेली बहुतेक पत्रं थंडीतल्या मुक्कामी ट्रेकबद्दलची आहेत. दोन चक्क घोड्यांविषयी आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आम्ही चौघं डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर एक रात्र राहणार आहोत. शुक्रवारी रात्रीची शेवटची कसारा लोकल, तिथून जीपने पाचनई, शनिवारी उजाडताच चढाई, रविवारी परत. दोन-दोन माणसांचे दोन तंबू आहेत. वर स्वयंपाक करायचा म्हणून २३० ग्रॅमचा गॅसचा डबा आणि बर्नर घेतलाय. अजून काय लागेल?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काय लागेल ते पुढे बघू, आधी सॅकमधून तो गॅसचा डबा काढा. तो लोकलमध्ये नेता येत नाही. डबा तळहाताएवढा असला तरी रेल्वेच्या लेखी तो ज्वलनशील वायूच, आणि रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १६४ खाली त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रॉकेल आणि स्पिरिटलाही तेच लागू. वर गेल्यावर काटक्या गोळा करून चूल मांडू म्हणाल, तर गड कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो आणि डिसेंबरात तिथलं गवत कडकडीत वाळलेलं असतं. एक ठिणगी वाऱ्याने उडाली की पठार पेटतं.

एका रात्रीसाठी आमचा सरळ सल्ला असा : जेवण गडावर झोपड्या टाकणाऱ्या गावकऱ्यांकडे सांगा. आदल्या दिवशी फोन करून किती जण ते कळवलं की पिठलं-भाकरी, ठेचा, सकाळी पोहे आणि चहा मिळतो. भांडी, गॅस, शिधा मिळून माणशी दीड-दोन किलो ओझं कमी होतं. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, चिक्की आणि लिंबं असू द्या. मुक्कामाची परवानगी आणि शुल्क यांचे वनविभागाचे नियम बदलत असतात. तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी हिशेब : वारा नसेल तर २३० ग्रॅमच्या डब्यावर साधारण १२ ते १५ लिटर पाण्याला उकळी येते. चौघांची संध्याकाळची खिचडी, दोन वेळचा चहा आणि सकाळचा उपमा यांना पाच-सहा लिटर पाणी लागतं, म्हणजे एक डबा पुरून उरतो. खिचडीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ-मूगडाळ आणि चौपट पाणी धरा. डाळ-तांदूळ पाऊण तास भिजवून ठेवले तर गॅस वाचतो. उपम्याचा रवा घरीच फोडणी देऊन कोरडा भाजून न्या, वर फक्त अडीचपट उकळतं पाणी ओतायचं. वाऱ्यासाठी पत्र्याचा आडोसा लावताना तो फक्त आचेभोवती असावा. डब्यासकट सगळं झाकलं तर डबा तापतो आणि फुटू शकतो. तंबूच्या आत बर्नर पेटवायचा नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही. आगीचा धोका आहेच, शिवाय कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, डोकं जड झालं की माणूस थकव्याचं समजून झोपून जातो.

आता लोकल. शेवटची गाडी कसाऱ्याला पोचते तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटलेली असते. मग झोप न झालेल्या चौघांना झोप न झालेला जीपवाला घाटातून नेतो. यातून मिळतं काय, तर गडावर सकाळी दहाला पोचून दिवसभर पेंगणं. त्यापेक्षा घरी झोपा आणि शनिवारी पहाटेची कसारा लोकल धरा. दुपारी एकपर्यंत पाचनईतून चालायला लागलात तरी सॅकसह तीन तासांत वर पोचता. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा साडेचारला तंबू उभारायला घेता आले पाहिजेत. पाण्याच्या दोन लिटरच्या बाटल्या माणशी एक पुरे. वर देवळाजवळच्या टाक्यांमधलं पाणी भरून, गाळून, एक मिनिट खळखळ उकळून किंवा क्लोरिनची गोळी टाकून अर्धा तास थांबून मगच प्यावं.

खिरेश्वरकडून चढायचा बेत असणाऱ्यांनी हे गणित जसंच्या तसं वापरू नये. तोलार खिंडीपुढे रेलिंगचा कातळटप्पा आहे, त्यानंतर एकामागून एक टेकड्या आणि रानातून लांबलचक वाट. सॅक पाठीवर असताना पाच तास धरा आणि पाणी तीन लिटर. वाट चुकतात ते बहुतेक या रानातच, आणि बहुतेक अंधार पडल्यावर.

तंबूची जागा : कोकणकड्याच्या काठावर फोटो चांगला येतो, झोप येत नाही. कड्याची अर्धवर्तुळाकार खोबण खालचा वारा गोळा करून वर फेकते. रात्री लघवीला उठलेल्या माणसाला झोपेत दिशा कळत नाही, हे तर वेगळंच. काठापासून निदान शंभर पावलं मागे, उंचवट्याच्या आडोशाला, पण पाणी साचेल अशा खळग्यात नको. कातळावर खुंट्या ठोकल्या जात नाहीत. दोरीच्या फासात पाच-सात किलोचा दगड अडकवा आणि त्याच्यावर दुसरा ठेवा. तंबूखाली अंथरायचा प्लास्टिकचा कागद तंबूच्या तळापेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आतच असावा. बाहेर डोकावणारा कागद दव गोळा करून तळाखाली सोडतो आणि लोक तंबू गळतो म्हणून दुकानदाराशी भांडतात. सकाळी छताला आतून लागलेलं पाणीही गळती नव्हे. दोन माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर निवते. वरच्या झडपा उघड्या ठेवल्या की निम्मी कमी होते.

प्रश्न : पाच-सहा वर्षं माळ्यावर ठेवलेले महागाचे ट्रेकिंग बूट काढले. दिसायला नवे कोरे. पेठच्या किल्ल्यावर निघालो आणि तासाभरात एका बुटाचा तळ पूर्ण सुटून आला. कंपनीचा माल खराब होता का? तंबूही त्याच पिशवीत होता, त्याला आंबूस वास येतोय.
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : मालाचा दोष नाही, मुंबईच्या हवेचा आहे. बाहेरचं काळं रबर आणि वरचं चामडं यांच्यामध्ये जो मऊ थर असतो तो बहुतेक बुटांमध्ये पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटतात. बूट वापरात असला तर दाबामुळे हे बाष्प बाहेर पडत राहतं, म्हणून गंमत अशी की रोज वापरलेला बूट टिकतो आणि जपून ठेवलेला मरतो. बाहेरून काहीच कळत नाही. ओळखायची खूण : टाचेच्या वरच्या बाजूला मऊ थरात अंगठ्याचं नख जोरात रोवा. खळगा पडून तसाच राहिला, बारीक भेगा दिसल्या किंवा साबणासारखा भुगा निघाला, तर तो बूट सोसायटीच्या जिन्यापलीकडे नेऊ नका. हा थर चिकटवून उपयोग नाही, कारण गोंद ज्याला धरणार तोच भुसभुशीत झालेला असतो. चामडं चांगलं असेल तर काही कारागीर अख्खा तळ बदलून देतात.

ट्रेकच्या आधी दोन आठवडे जुने बूट घालून एकदा दहा किलोमीटर चाला. नॅशनल पार्कात कान्हेरीपर्यंत जाऊन आलं तरी चालेल. तळ सुटायचा असेल तर तिथेच सुटू दे. आणि सॅकमध्ये तीन मीटर बारीक दोरी ठेवा. डोंगरात तळ सुटलाच तर पुढून एक आणि कमानीखालून एक असा वेढा देऊन, घोट्यामागे गाठ मारून उतरता येतं. चिकटपट्टी एकटीच लावली तर घसाऱ्यावर पंधरा मिनिटांत फाटते.

तंबूचा आंबूस वास म्हणजे त्याच्या आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा लेप सुटायला लागला. कापड हाताला चिकटतंय का बघा. चिकटत असेल तर पावसात त्याचा भरवसा नाही, कोरड्या थंडीत अजून एखादा हंगाम निघेल. नवा घेतलात तर त्याच्या घट्ट पिशवीत कोंबून ठेवू नका. जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल भरा आणि माळ्यावर ठेवण्यापेक्षा पंखा फिरतो त्या खोलीतल्या कपाटात ठेवा. ओला तंबू एक रात्रसुद्धा गुंडाळलेला राहू देऊ नये. घरात जागा नसेल तर दोन दारांमध्ये दोरी बांधून वाळवा. घरचे बोलतील.

प्रश्न : मे महिन्यात उत्तराखंडात हर की दूनला जातोय. आई ६१ वर्षांची आहे, गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. तिच्यासाठी घोडा ठरवणार आहोत. चालायचंच नाही म्हटल्यावर तिला उंचीचा त्रास होणार नाही ना? ऑफिसची सुट्टी शनिवार-रविवार धरून नऊ दिवस आहे.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : होऊ शकतो, आणि घोड्यावर बसल्यामुळे तो उशिरा लक्षात येतो. उंचीचा त्रास थकव्याने होत नाही, हवेचा दाब कमी झाल्याने होतो. ३,५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६५ टक्के राहतो, तो घोड्यावर बसलेल्याला आणि चालणाऱ्याला सारखाच. चालणाऱ्याला निदान धाप लागते आणि तो आपसूक वेग कमी करतो. घोड्यावरच्या माणसाला शरीराची ही सूचना मिळत नाही, चार तासांची चढण दोन तासांत संपते आणि डोकं दुखायला लागतं ते मुक्कामावर पोचल्यावर.

जगभर पाळला जाणारा नियम असा : ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस तिथेच थांबावं. मोजायची ती झोपायची उंची. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलेलं चालतं, किंबहुना त्याने शरीर लवकर रुळतं.

आता तुमचे नऊ दिवस. पहिला दिवस डेहराडून, दुसरा दिवस सांकरी (साधारण १,९५० मीटर), परतीचे दोन दिवस असेच. डोंगरात उरले पाच. ओसला गाव २,६०० मीटरच्या आसपास आणि हर की दून ३,५०० च्या वर, म्हणजे ओसल्याहून एका दिवसात वर मुक्कामाला जाणं आईसाठी नकोच. तिसऱ्या दिवशी ओसला, चौथ्या दिवशी कलकत्तीधार, जे ३,००० च्या जवळपास आहे. पाचव्या दिवशी पहाटे निघून हर की दून बघून परत कलकत्तीधारलाच झोपायचं. सहाव्या दिवशी ओसला, सातव्या दिवशी सांकरी. वर तंबू टाकून राहिलात तरी दिवस एवढेच लागतात, फक्त तिथे आई ५०० मीटर जास्त उंचीवर झोपते. यात राखीव दिवस एकही नाही, हे मात्र खरं. सुट्टीचा दहावा दिवस मिळाला तर तो सांकरीत घालवा.

आईच्या डॉक्टरांना जाण्याआधी महिनाभर भेटा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि उंचीसाठी दिली जाणारी ॲसिटाझोलामाइड ही गोळीही लघवी वाढवते. दोन्ही एकत्र द्यायच्या की नाही हे त्यांनीच ठरवायचं. नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. बोटांना मुंग्या येणं हा गोळीचा नेहमीचा परिणाम आहे, घाबरू नये.

वर असताना रोज संध्याकाळी आईला जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला बोटं लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल जातोय, किंवा शांत बसलेली असतानाही धाप आणि ओला खोकला आहे, तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली उतरवायचं. नुसती डोकेदुखी आणि मळमळ असेल तर आहे तिथे थांबा, वर जाऊ नका. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. थंड बोटांवर तो वाटेल ते आकडे दाखवतो.

थंडीचंही तसंच. घोड्यावर बसलेलं माणूस हालचाल करत नाही, त्यामुळे चालणाऱ्याला घाम फुटतो त्याच वाटेवर त्याचे पाय गारठतात. आईला लोकरीचे मोजे, कानटोपी आणि वारा अडवणारं जाकीट चढतानाच घाला, मुक्कामावर पोचल्यावर नव्हे. दर तासाला दहा मिनिटं उतरवून सपाटीला चालवा.

प्रश्न : अशाच ट्रेकवर घोड्यावरून जायचंय, पण आयुष्यात घोड्यावर बसलो आहोत ते माथेरानला लहानपणी. वजन ८४ किलो. काय शिकून जावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : स्पष्टच सांगतो, ८४ किलोला डोंगरी घोड्यावर बसू नका. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त भार नको असा संकेत आहे. पहाडातलं घोडं २५० ते ३०० किलोचं, म्हणजे खोगिरासकट ५० ते ६० किलो. घोडेवाला नाही म्हणणार नाही, त्याचं पोट त्यावर आहे. तुम्ही सामानासाठी खच्चर घ्या आणि चाला. सामान दोन सारख्या पोत्यांत भरा. दोन्हींत दोन किलोपेक्षा जास्त फरक पडला तर ओझं एका बाजूला कलतं आणि खच्चराची पाठ सोलवटते.

ज्यांचं वजन बसतं त्यांच्यासाठी. माथेरानला दस्तुरी नाक्यावरून एक फेरी मारण्यापेक्षा दोन तासांसाठी घोडा ठरवा आणि घोडेवाल्याला सांगा की फिरायचं नाही, चढ-उतारावर बसायचा सराव करायचाय. त्यांना यातलं भरपूर कळतं, कोणी विचारत नाही एवढंच. हेल्मेट स्वतःचं न्या.

चढण्याआधी घोंगडीखाली हात घालून पाठ चाचपा. ओलसर जखम हाताला लागली तर दुसरा घोडा मागा. मग तंग बघा. तंग म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. त्याच्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. तंग आवळताना बरेच घोडे छाती फुगवून धरतात आणि चालायला लागल्यावर सोडतात, म्हणून पहिल्या दहा मिनिटांनी थांबवून पुन्हा आवळायला सांगा. खोगीर फिरून माणूस पोटाखाली जातो तो हे दुसरं आवळणं राहिल्यामुळे. चढावर खोगीर मागे सरकू नये म्हणून छातीवरून पेशबंद असतो आणि उतारावर पुढे सरकू नये म्हणून शेपटीखालून दुमची. हिमालयात बऱ्याचदा दुमची असते पण पेशबंद नसतो, किंवा उलट. दोन्ही नसतील तर तीव्र चढ-उतार उतरून पायी करा.

रिकीब म्हणजे पाय ठेवायची कडी. तिची लांबी चढण्यापूर्वीच जुळते : बोटांची टोकं खोगिरावर रिकिबीचा पट्टा अडकवलेल्या जागी टेकवा आणि रिकीब काखेपर्यंत ताणा. पोचली की बरोबर. पाय फक्त चवड्यापर्यंत आत, टाच खाली. पहाडात रिकिबीच्या जागी कधी नुसता दोरीचा फास असतो, त्यात जाड ट्रेकिंग बूट अडकतो. फासातून बूट दोन्ही बाजूंना बोटभर जागा ठेवून सुटतो का ते उभ्यानेच तपासा. पडल्यावर पाय अडकून फरपटणं हा पडण्यापेक्षा मोठा धोका आहे. चढावर अंग किंचित पुढे, उतारावर सरळ, नजर घोड्याच्या कानांमधून पुढच्या वाटेवर. पाठीवर सॅक नको, मोबाइल हातात तर नकोच. मांड्या सोलवटू नयेत म्हणून आत शिवण नसलेली लांब चड्डी घाला.

चालणाऱ्यांनाही एक गोष्ट : समोरून खच्चरांची रांग आली की डोंगराच्या अंगाला चिकटून उभं राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही. खच्चराला त्याच्या ओझ्याची रुंदी कळत नाही, धक्का लागला की अडवायला कठडा नसतो.

प्रश्न : तीन दिवसांच्या ट्रेकवर पाळी आली तर पॅडचं काय करायचं? हे कुणी सांगत नाही.
— एक वाचक, दादर

उत्तर : परत आणायचे. पुरून ठेवलेले जनावरं उकरतात, आणि प्लास्टिक असल्याने ते जळतही नाहीत, नुसते वितळतात. कागदात गुंडाळून, चिमूटभर खायचा सोडा टाकून, दोन झिपच्या पिशव्यांमध्ये. वर काळी पिशवी. वास येत नाही. शौचासाठी पाण्यापासून ७० पावलं लांब, वीतभर खोल खड्डा. कागद आणि वेट वाइप्सही परत. मेन्स्ट्रुअल कप वापरायचा असेल तर ट्रेकआधी दोन पाळ्या घरी वापरून बघा, आणि वर तो धुवायचं पाणी उकळून गार केलेलं हवं.

प्रश्न : तंबूत साप शिरू नये म्हणून भोवती फिनेल किंवा मीठ टाकावं का?
— एक वाचक, पनवेल

उत्तर : दोन्हींचा उपयोग नाही. चेन बंद ठेवली की साप आत येत नाही. येतो तो रात्री दार उघडं टाकून झोपल्यावर, किंवा तंबूशिवाय गुहेत, देवळाच्या ओवरीत नुसत्या सतरंजीवर झोपल्यावर. रात्री फिरणारा आणि झोपलेल्याला चावणारा म्हणजे मण्यार. तिचा दंश इतका हलका असतो की जाग येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे एखाद्याच्या पोटात दुखतंय, पापण्या उचलत नाहीत, बोलणं जड झालंय, तर अपचन समजून ओवा देत बसू नका. तो सर्पदंश समजूनच १०८ ला फोन करा.

कुठलाही साप चावला तरी वर दोरी आवळायची नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढा, कारण सूज चढते. पायाला दोन्ही बाजूंनी ट्रेकिंग पोल लावून ओढणीने बांधा, हाडं मोडल्यावर बांधतात तसं, आणि माणसाला उचलून न्या. चालवलं की विष लवकर पसरतं. दंशाची वेळ लिहून ठेवा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरचं प्रतिविष एकच आहे, त्यामुळे साप मारून दवाखान्यात नेण्यात वेळ घालवू नका. लांबूनच एखादा फोटो मिळाला तर ठीक. प्रतिविष कुठल्या सरकारी दवाखान्यात आहे हे पायथ्याच्या गावात, चढायच्या आधी विचारायचं. चावल्यावर रेंज असेलच असं नाही.